एका संध्याकाळची ऊब

मी जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात एका खेड्यातल्या चर्चचा जुना ऑर्गन आहे, आणि मित्रांनो, आज माझं डोकं फिरलं आहे!

तीनशे वर्षांपूर्वी मेल्खिओर नावाच्या कारागिराने मला घडवलं. ओकच्या लाकडाचं अंग, कथलाच्या नळ्या, मेंढीच्या कातड्याचे भाते. मी पहिल्यांदा गायलो तेव्हा अख्खं गाव रडलं होतं. पुढे युद्ध आलं. माझ्या दर्शनी नळ्या कथलासाठी उपटून नेल्या, वितळवल्या. तेही सोसलं.

खरा घात केला तो चर्च तापवणाऱ्या गरम हवेच्या भट्टीने. ती का बसवली? तर वर्षभर इकडे न फिरकणारी मंडळी नाताळच्या संध्याकाळी येतात, आणि त्यांना कोट काढून ऐसपैस बसायचं असतं! त्या कोरड्या उष्णतेने माझं लाकूड आक्रसलं, तडकलं. फटींतून वारा भलत्याच नळीत शिरायचा आणि कुणी बोट न लावता स्वर बोंबलायचे. "म्हातारा रेडा ओरडतोय," म्हणून मला कुलूप घातलं. लाज नाही वाटली कुणाला!

मला वाजवणाऱ्या वाल्बुर्गाबाई मात्र हटल्या नाहीत. गावाशी भांडभांडून त्यांनी कारागीर आणले. फटी बुजल्या, भात्यांना नवं कातडं लागलं. "भट्टी एकदम पेटवलीत तर पुन्हा फुटेल हं," कारागिराने बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि या नाताळला चर्चची देखभाल करणाऱ्या गोट्होल्डने सकाळपासून भट्टी धडधडत ठेवली! तिसऱ्या गाण्यात माझ्या पोटात काडकन आवाज झाला आणि एका नळीने भोकाड पसरलं. बाईंनी त्या नळीचा वारा तोडणारा खटका आत ढकलला असता, तर ती गप्प झाली असती. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

गोट्होल्ड धापा टाकत वर माझ्या माडीवर आला. "अहो बाई, थांबवा ना ते! पाद्रीबाबा खोळंबलेत!"

"आधी तुझी भट्टी बंद कर."

"लोक गारठतील हो!"

"गारठू देत! घरी कोट नाहीत का त्यांना? केस पिकले रे माझे हा पुन्हा गाईल याची वाट बघता बघता. एका संध्याकाळच्या उबेसाठी फोडलंस त्याला!"

खाली सगळे ऐकत होते. गोट्होल्डने जाऊन भट्टी बंद केली. पहिल्या बाकावरच्या आजींनी काढलेला कोट पुन्हा चढवला, मग एकेकाने. तेव्हा कुठे बाईंनी खटका ढकलला. उरलेली गाणी लोक माझ्याविना गायले.

मित्रांनो, माझी फट तशीच आहे. माझ्यावर जीव आहे म्हणता ना? मग कोट घालून बसा!