सात नंबरला भिंत दाखवायची आहे

मित्रांनो, नेल्डा गेल्याचे मला कळले त्या दिवशी माझे इंजिन साखळीला टांगलेले होते. त्यामुळे मला ओरडताही आले नाही. तिचा नवरा डॉयल हचेन्स इस्पितळातून थेट शेडमध्ये आला, खिडकीतून पाय घालून माझ्या आत बसला आणि स्टिअरिंग धरून राहिला. मागोमाग नेल्डाचा भाऊ ऑटिस आला.

"डॉयल, घरात चल. शेजारीपाजारी जेवण घेऊन आलेत."

"आणू देत. जिच्या हातचं खायचं ती गेली."

एवढ्यावरून मला समजले.

मी एक जुनी, दोन दारांची गाडी आहे. आज माझ्या अंगावर अडतीस हा आकडा रंगवलेला आहे, पण मी जन्माने शर्यतीची नाही. मी नेल्डाची घरची गाडी होते. कॅरोलिनाच्या डोंगरपायथ्याला, लाल मातीच्या रस्त्यांवरून तिने मला चर्चला नेले, बाजाराला नेले, कोंबड्यांचे खाद्य आणायला नेले. तिची मुलगी केन्ड्रा माझ्या मागच्या सीटवर वाढली. तिथेच झोपली, तिथेच ओकली, तिथेच पाढे पाठ करत शाळेला गेली.

मी म्हातारी झाले तेव्हा डॉयल म्हणाला, भंगारवाल्याला बोलावू. नेल्डा म्हणाली, "भंगारवाल्याला तुला देईन. हिला पळवू या." मग त्या दोघांनी माझ्या काचा काढल्या, दारे वेल्डिंगने कायमची बंद केली आणि आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. माझी मागची सीट उकिरड्यावर गेली. शाळेतून आलेल्या केन्ड्राने ती तिथे पाहिली आणि त्या दिवसापासून ती माझ्याकडे फिरकली नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर तर तिने कधी पाऊल टाकले नाही. "माझ्या गाडीला तुम्ही आपटायला नेता," असे ती म्हणायची. मला त्याचे वाईट वाटे, पण खरे सांगू? मला पळायला आवडू लागले होते.

दर शनिवारी संध्याकाळी आम्ही जायचो. डॉयल चालवायचा आणि नेल्डा चौथ्या वळणासमोर प्रेक्षकांच्या अगदी वरच्या पायरीवर बसायची. आमच्याकडे लोक दुपारीच येऊन आपल्या जागेवर घोंगडी अंथरून जातात. मग ती जागा त्यांची. दुसऱ्याच्या घोंगडीला कोणी हात लावत नाही. आम्ही फारसे जिंकत नव्हतो. मधेच कुठेतरी यायचो. पण लोक म्हणायचे, "हचेन्सची म्हातारी अजून धावते, बरं का!" ते ऐकून माझा पत्रा तापायचा.

मग मागच्या हिवाळ्याआधीची शेवटची शर्यत आली. नेल्डा तेव्हा आजारी होती. जिना चढताना तिला दोनदा बसावे लागले. त्या दिवशी शेवटच्या फेरीला आम्ही पहिले होतो. सर्वांत पहिले, मित्रांनो! आणि चौथ्या वळणात सात नंबरच्या रँडल सॅपने माझ्या मागच्या डाव्या कोपऱ्याला नाक लावले आणि ढकलले. मी गरकन फिरले आणि भिंतीवर आदळले, नेल्डाच्या डोळ्यांदेखत. बक्षिसाची ढाल घेताना सॅप माइकवर म्हणाला, "म्हाताऱ्यानं बाजूला व्हायला हवं होतं." सगळे हसले.

नेल्डा हसली नाही. इस्पितळात तिने डॉयलचा हात धरला आणि म्हणाली, "फुलंबिलं नकोत मला. तेवढी त्या सातला भिंत दाखव." डॉयल हो म्हणाला. हे त्याने मला शेडमध्ये सांगितले. मीही हो म्हटले. फक्त त्याला ऐकू आले नाही.

त्या हिवाळ्यात डॉयलने मला दुरुस्त केले, पण प्रेमाने नाही. माझ्या नाकामागे त्याने जाडजूड लोखंडी पाइप बसवला. बाहेरून पत्रा, आत मुसळ. ऑटिसने तो पाहिला आणि डोके खाजवले.

"अरे डॉयल, नाक एवढं जड केलंस तर ही वळायची नाही."

"वळायचंय कुणाला?" डॉयल म्हणाला.

मला ते उत्तर फार आवडले. त्या वजनाने माझी पुढची स्प्रिंग दबून दुखत होती, तरी मी खूश होते.

एप्रिलमध्ये ट्रॅक उघडला. नेल्डाच्या नावाने एक फेरी होणार होती, म्हणून केन्ड्रा पहिल्यांदाच आली. बरोबर तिची मुलगी जोसी आणि धाकटा वॉल्ट होते. पोरांच्या कानांवर आवाज अडवणारी मोठाली झाकणे, केन्ड्राच्या हातात तळलेल्या कोंबडीचा डबा. केन्ड्राने माझ्या छपरावर बोट फिरवले, जणू धूळ बघत होती.

"डॅडी, तुला आज काही वेडेपणा करायचाय का?"

"नाही गं."

"मग नजर का चुकवतोयस?"

तेवढ्यात जोसीने आजोबांना विचारले, "पॅपॉ, हिचा आवाज सगळ्यात मोठा आहे का?"

"आवाजात आपल्याला कोणी हरवत नाही, पोरी."

तेव्हा रँडल सॅप टोपी हातात घेऊन आला. "नेल्डाचं ऐकून वाईट वाटलं, डॉयल."

"वाटायलाच पाहिजे."

"शर्यत ती शर्यत असते, बाबा."

"आजही आहे," डॉयल म्हणाला.

केन्ड्राने ते ऐकले. ती पोरांना घेऊन गेली. पुढचे मला जोसीने नंतर माझ्या बॉनेटवर बसून सांगितले. केन्ड्राने आईची घोंगडी वर नेलीच नाही, पोरांना नीट दिसावे म्हणून अगदी खाली जाळीपाशी अंथरली. मागची बाई म्हणाली, "बाळ, तिथं बसू नको. जेवणात टायरचं रबर पडेल." केन्ड्रा म्हणाली, "मला कळतं." दहा फेऱ्यांत वॉल्ट रडू लागला, कारण त्याच्या तोंडात कोंबडी करकर वाजत होती.

नेल्डाची फेरी संथ झाली. पहिल्या रांगेतली आतली जागा आम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी मोकळी ठेवली. सॅपनेही ठेवली. मला त्याचा आणखीच राग आला. नम्रपणा कसला दाखवतोस?

हिरवा बावटा पडला. मी पळाले. पण प्रत्येक वळणात डॉयल स्टिअरिंग फिरवायचा आणि माझे जड नाक सरळच जायचे, भिंतीकडे. सात नंबर खालून, आतल्या कडेने सहज वळायचा. मी लांबूनच त्याचे शेपूट बघत राहिले. मग कुणीतरी घसरले, पिवळा बावटा आला, वेग उतरवून सगळ्या गाड्या एकामागे एक लागल्या आणि आम्ही नेमके सातच्या पाठीशी आलो. दोन फेऱ्या उरल्या होत्या. डॉयल पिंजऱ्यात पुटपुटला, "आता, बाई."

चौथ्या वळणात त्याने पाय पूर्ण दाबला. माझ्यासमोर सातचा डावा कोपरा होता, अगदी हाताशी. मी सगळ्या जिवाने झेपावले. आणि वळले नाही. मी त्याच्या शेजारून सरळ वर गेले आणि भिंतीत घुसले. सात नंबर खालून निघून गेला. त्याच्या रंगाला ओरखडाही आला नाही.

वाफ विरली तेव्हा केन्ड्रा जाळीवर चढलेली होती. "त्यानं ढकललं! पुन्हा ढकललं!" ती ओरडत होती आणि जिंकून हात हलवत जाणाऱ्या सॅपवर तिने कोंबडीची तंगडी फेकली. चर्चमधली बाई, मित्रांनो. गाणाऱ्यांच्या पहिल्या ओळीतली.

पिटमध्ये, गाड्या दुरुस्तीला उभ्या राहतात तिथे, ती धावत आली. डॉयल जमिनीवर बसून पाणी पीत होता.

"तक्रार कर त्याची! मी पाहिलंय!"

"त्यानं हात नाही लावला, केन्ड्रा. मीच त्याला मारायला गेलो होतो."

ती थांबली. मग हळूच म्हणाली, "आणि चुकलास?"

"हो."

"ममाला कबूल केलं होतंस?"

"हो."

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. फाटलेल्या पत्र्यातून तो पाइप बाहेर आला होता. तिने तो पाहिला आणि ऑटिसकडे वळली. "मामा, हा मूर्खपणा कुणाचा? एवढ्या वजनानं कुठली गाडी वळेल?"

"मी सांगितलं होतं," ऑटिस म्हणाला.

"ममाला चालवताना पाहिलंय मी. तिला वळणारी गाडी लागायची." तिने डॉयलला हात देऊन उठवले. "घरी चल. रविवारी येते मी. लोखंड कापायचा ग्राइंडर चालू आहे ना?"

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे यंत्र असेल तर त्याला तेल द्या, त्याचा गंज पुसा, त्याची स्प्रिंग दबू देऊ नका. तुमचा राग मात्र त्याच्या अंगावर वेल्डिंग करू नका. त्याचा स्वतःचा पुरेसा असतो. माझा तर आहेच.

केन्ड्राने पाइप कापून काढला आहे. माझे पुढचे उजवे चाक अजून बसायचे आहे, रेडिएटर यायचा आहे. आणि सात नंबर अजून भिंतीला लागलेला नाही.