मे २००९च्या पानामागे

आईच्या थर्मामीटरची गोष्ट विद्यापीठात एव्हाना सगळ्यांना पाठ झाली होती. मुलांनी पोस्टरवर तिचं चित्रही काढलं होतं: डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी आणि तिच्या हातात तिच्याएवढाच थर्मामीटर. आई डोक्यावर पदर घेत नसे.

खरी गोष्ट अशी. १९८७च्या एप्रिलमध्ये, बिजौलीच्या कारखान्यांमागच्या तिच्या प्राथमिक शाळेत, दुसरीतली एक मुलगी पाढे म्हणता म्हणता कोसळली. शाळेला पत्र्याचं छप्पर होतं. मुलगी वाचली, पण त्याच आठवड्यात आईने मानिक चौकातून थर्मामीटर आणला. आबांनी, म्हणजे माझ्या फौजी वडिलांनी, बबिन्याच्या छावणीतून आणलेल्या फळ्यांची झडपांची पेटी केली आणि गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला ठोकली. त्यात थर्मामीटर. आमचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. रोज बाराला आई घरी येऊन गच्चीवर चढायची, आकडा बघायची, आणि चाळीसच्या वर असला की मुलांना घरी सोडायची. वरच्या कुणी जाब विचारला तर दाखवायला असावा म्हणून तो आकडा ती कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहायची. कॅलेंडर मराठी, या हिंदी मुलखात मिळत नसे म्हणून मामा दर दिवाळीला साताऱ्याहून पाठवायचे. आकड्याशेजारी सिलिंडर लावल्याची खूण, 'अहिल्या परीक्षा', 'ह्यांचे दात' असंही काही असायचं.

२००६ला ती निवृत्त झाली आणि तिच्या जागी कांता बहनजी आल्या. मग दर उन्हाळ्यात बारा वाजून पाच मिनिटांनी घरी फोन यायचा.

"जिज्जी, आज कित्तो?"

आई आकडा सांगायची. त्यावर कांता बहनजी घंटा द्यायची की नाही ते ठरवायच्या.

या फेब्रुवारीत आई गेली. फोन आता आबा उचलतात.

कॅलेंडरांचं विद्यापीठात मीच बोलले होते. मी तिथल्या ग्रंथालयात कंत्राटावर आहे. दर वर्षी तीस एप्रिलला मुदत संपते आणि समितीची सही झाली की पुढचे अकरा महिने मिळतात. त्या समितीवर पर्यावरण विभागाचे निरंजन सर आहेत. गेल्या वर्षी चहा पिताना मी सहज म्हणाले, की आमच्याकडे छत्तीस वर्षांचे आकडे आहेत. त्यांनी कप खाली ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यांची विद्यार्थिनी अर्चना कुशवाहा घरी आली, आईच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन तिने प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि नंतर फोटोंमधले आकडे संगणकात भरले. आकडे तेवढे. बाकीचं घरगुती.

त्यातून जो आलेख निघाला तो बघून सर म्हणाले होते, "मैडम, इतना साफ़ ग्राफ़ मैंने ज़िंदगी में नहीं देखा." २००८पर्यंत उन्हाळ्याची रेघ चढत जात होती. २००९च्या मेमध्ये ती एकदम पाच अंश खाली आली आणि खालीच राहिली. त्याच्या आदल्या पावसाळ्यात विद्यापीठाने बिजौलीच्या बाजूला हजारो रोपं लावली होती. हरित पट्टा. दोन्ही गोष्टी एकमेकींना इतक्या चपखल बसल्या, की त्याचा अहवाल झाला. अहवालात शेवटी एक शिफारस होती: या पट्ट्यातल्या शाळांना उन्हामुळे लवकर सुट्टी देण्याची गरज आता उरलेली नाही. विद्यापीठाच्या जलवायु सप्ताहाच्या उद्घाटनाला अहवाल प्रकाशित व्हायचा होता. त्याच वेळी आवारातल्या नव्या हवामान केंद्राला आईचं नाव द्यायचं होतं. कुसुमावती खराडे तापमान केंद्र.

आबांनी ते नाव एका कागदावर लिहून घेतलं होतं आणि तो कागद खिशात ठेवला होता.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी सरांचा निरोप आला, की काचेत लावायला एक मूळ पान हवं. २००९चा मे आणा, तिथूनच रेघ वळते. मी माळ्यावरून गठ्ठा काढला. पान सोडवताना ते उलटलं. मागे कैरीच्या पन्ह्याची कृती छापलेली होती आणि तिच्या कडेने पेन्सिलीत, आईच्या बारीक अक्षरात, लिहिलं होतं:

'७ मे. परवा जिन्यात पडले म्हणून ह्यांनी थर्मामीटर खाली कूलरच्या खोलीत आणला. म्हणतात, घर तेच, ऊन तेच, फरक कसला. फरक पाच अंशांचा आहे. दोनदा वर नेऊन पाहिलं. ह्यांना सांगितलं तर परत वर लावतील आणि रोज स्वतः चढतील, गुडघा तसा. चौकोनात दिसेल ते लिहीन. शाळेला पाच मिळवून सांगायचं.'

मी २००९ला भोपाळला होते. परत आले तेव्हापासून थर्मामीटर कूलरच्या खोलीतच, दाराच्या चौकटीजवळ होता. वाळ्याच्या ताट्यांतून आलेला थंड झोत नेमका त्याच्यावर. नऊ वर्षं मी त्याच्या शेजारून जात होते.

पान हातात धरून मी बराच वेळ माळ्याच्या शिडीवरच बसले. मग एक एक गोष्ट लक्षात यायला लागली. आबांना पाच मिळवायचं ठाऊक नव्हतं. एप्रिल लागल्यापासून ते कांता बहनजींना सदतीस, अडतीस असे आकडे सांगत होते, आणि या एप्रिलमध्ये शाळा एकदाही लवकर सुटली नव्हती. चारच दिवसांपूर्वी कांता बहनजी गल्लीत भेटल्या होत्या. "बिन्नू, गरमी तो खूब लग रई," आकडा कसा चढत नाही याचं नवल करत त्या म्हणाल्या होत्या, "पै आँकड़ा चढ़तई नइयाँ."

खाली आबा जाकिटाला इस्त्री करत होते. "अहिल्ये," त्यांनी हाक मारली, "मेडल लावू का? का जास्त दिसंल?"

"लावा," मी म्हणाले.

सकाळी नऊला मी निरंजन सरांना गाठलं. मंचामागच्या खोलीत ते स्वतःच पुष्पगुच्छ मोजत होते. मी पान उलटं करून समोर धरलं आणि हिंदीत वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. ते वाईट गृहस्थ नाहीत, हे इथे सांगायला हवं.

"पाँच डिग्री," ते म्हणाले.

"हो सर."

"मतलब पूरा ग्राफ़ कूलर का है."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अहिल्या जी, तीन सौ कॉपियाँ छप चुकी हैं. कुलपति जी एक घंटे में यहाँ होंगे. पेड़ तो लगे हैं न? पेड़ से ठंडक होती है, इसमें तो झूठ नहीं?"

"पण शिफारस, सर. शाळा." मी मराठीतच बोलले हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मग हिंदीत परत सांगितलं.

"बाद में संशोधन निकाल देंगे. छोटा-सा. आप अभी दुख में हैं, जल्दी मत कीजिए." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "और देखिए, मंच से कहेंगी तो यही कहना पड़ेगा न, कि पिताजी ने हटाया था? वे पहली पंक्ति में बैठे हैं. मेडल लगाकर." आणि मग अगदी सहज, निघता निघता: "आपकी फ़ाइल मेरी मेज़ पर है. कल कर दूँगा."

त्यांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

सभागृहात एसी इतका होता की बायकांनी पदर गुंडाळून घेतले होते. माझी खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध, एका बाजूला आबा आणि दुसऱ्या बाजूला कुणी अधिकारीबाई. प्रत्येकाच्या मांडीवर कापडी पिशवीतलं एक एक रोप ठेवलं होतं. ते सांडू नये म्हणून पाय हलवता येत नव्हते. कुलपती यायला तासभर उशीर झाला. ते येईपर्यंत कुणी उठून जाऊ नये म्हणून दारं ओढून घेतली होती आणि गणवेशातले दोघं दारांशी उभे होते. समोरच्या पडद्यावर एक बर्फाचा कडा पुन्हा पुन्हा कोसळत होता.

"बाराच्या आत घरी पोचलं पायजे," आबा कुजबुजले. त्यांची कुजबूज तीन रांगा मागेपर्यंत ऐकू जाते. "कांता बहनजींचा फोन येतो."

"हो, आबा."

"तुझ्या आईनं एक दिवस चुकवला नाही."

मी रोपाच्या पानांकडे बघत राहिले. आत कुठेतरी मी हिशेब करत होते: शाळेत किती मुलं, पत्रा किती तापलेला, आज बाहेर किती असेल. सकाळी रिक्षाच्या दांड्याला हात लागला तेव्हाच चटका बसला होता.

मग दीप लागला, स्वागत झालं, अहवालाची फीत सुटली. पडद्यावर रेघ आली. चढत गेली, २००९ला पडली. टाळ्या झाल्या. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "परिवार की ओर से दो शब्द."

मंचावर शाल माझ्या खांद्यांवर आली, नारळ हातात आला. माइकसमोर उभी राहिले तेव्हा हिंदीतलं पहिलं वाक्य घशात तयार होतं. आबा खुर्चीत ताठ बसले होते, संचलनात उभे असल्यासारखे. मी ते वाक्य गिळलं. पर्समधून पान काढलं आणि म्हणाले, "माँ की लिखी चार पंक्तियाँ हैं, मराठी में. वैसी ही पढ़ूँगी." आणि वाचलं. '७ मे'पासून 'पाच मिळवून सांगायचं'पर्यंत. एकही शब्द गाळला नाही, आणि एकही शब्द कुणाला समजू दिला नाही.

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. अधिकारीबाई रुमालाने डोळे टिपत होत्या. "कितनी मीठी भाषा है," कुलपती म्हणाले. निरंजन सरांनी मान खाली घातली होती.

आबा टाळ्या वाजवत नव्हते.

चहाला न थांबता आम्ही निघालो. रिक्षा पूल उतरल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी पान दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि घडी न घालता मांडीवर ठेवून दोन्ही तळवे त्याच्यावर दाबले. वारा भट्टीच्या तोंडासारखा येत होता.

"पंधरा वर्षं," ते शेवटी म्हणाले. "आन मला म्हणायची, तुमचंच बरोबर."

घरी पोचलो तेव्हा बाराला सहा मिनिटं होती. जाकीट न काढता ते कूलरच्या खोलीत गेले. थर्मामीटरवर अडतीस होते. त्यांनी तो खिळ्यावरून उतरवला, छातीशी धरला आणि जिना चढायला लागले. एक पायरी, थांबा, मग दुसरी.

"आबा, द्या, मी नेते."

"मागं राहा. हलवला मी, नेणार मी."

गच्चीचं दार फुगून बसलं होतं. मी खांद्याने ढकललं. ऊन अंगावर आलं. भिंतीवर पेटी अजून होती, रंग उडालेली, आतला खिळा गंजलेला. आबांनी थर्मामीटर त्यात टांगला. मग आम्ही दोघं त्या अरुंद सावलीत भिंतीला चिकटून उभे राहिलो आणि पाऱ्याकडे बघत राहिलो. खाली, मागच्या गल्लीत, मुलं एका सुरात काहीतरी पाठ करत होती.

चाळीस. एक्केचाळीस. त्रेचाळीसला थांबला.

खालून उचलून आणलेला घरचा फोन माझ्या हातात वाजला. त्यांनी तो घेतला.

"भाईसाहब, आज कित्तो?"

"त्रेचा... तैंतालीस," आबा म्हणाले. मग आवाज चढवून, छावणीतल्यासारखं: "बहनजी, पहले के सब आँकड़े ग़लत थे. हमारी ग़लती. बच्चों को छोड़ दीजिए."

मग घंटा झाली, आम्हाला फोनमधूनही ऐकू आली आणि गल्लीतूनही. पाठांतर मध्येच तुटलं, दप्तरांचा आणि पायांचा गलका झाला.

आबांनी फोन माझ्याकडे दिला नाही. "त्या निरंजनचा नंबर सांग," ते म्हणाले. "मी बोलतो. तुझी नोकरी हाय तिथं, तू मधी पडू नको."

त्यांना वाचवायला आईने पंधरा वर्षं पाच मिळवले होते. आता ते मला वाचवायला निघाले होते, आणि मी हो म्हटलं असतं तर तेही चाललं असतं.

मी फोन त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला आणि नंबर लावला. चौथ्या घंटीला सरांनी उचलला. मागे कपबश्यांचा आवाज होता.

"सर, अहिल्या," मी म्हणाले, आणि शाळांची शिफारस आजच मागे घ्या इथपासून पुढचं सगळं हिंदीत सांगितलं, सावकाश, पुन्हा सांगावं लागू नये असं.