निळ्या दोऱ्याची किल्ली

माझ्या दाराचं कुलूप दोन महिने अडतंय. किल्ली घालायची, खांद्याने दार दाबायचं, तेव्हा कुठे ते उघडतं. समोरच्या मास्तरीणबाई रोज म्हणतात, "अगं, बदलून टाक की एकदाचं!" मी मान डोलावते आणि बदलत नाही. बदललं तर दादाच्या किल्लीने माझं दार उघडणार नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गल्लीच्या तोंडाशी बसणारा किल्लीवाला. आमची गल्ली एकजात विसरभोळी, त्यामुळे लोक आपणहून त्याच्याकडे घरची एक जादा किल्ली ठेवून जात. कुणाची कुठली हे कळावं म्हणून मी माझ्या शिवणाच्या दुकानातले उरलेले दोरे द्यायचे. मास्तरीणबाईंची हिरवी, डॉक्टरांची पांढरी, माझी निळी. चाळीस किल्ल्या त्याच्या फळीवर खिळ्यांना टांगलेल्या असायच्या.

एकदा मला भावाच्या कौतुकाचं भरतं आलं. फळीचा फोटो काढून मावसबहिणींच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, "अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या एका माणसाकडे!" आठवड्याने तोच फोटो गावभर फिरून गल्लीत आला. माझ्या वाक्याखाली कुणीतरी जोडलं होतं, "सावधान! चोरांना किल्ल्या पुरवणारी टोळी. तीन घरं फोडली. सगळ्यांना पाठवा."

आमच्या गल्लीतून कधी वाटीसुद्धा चोरीला गेली नव्हती. पण विचारतो कोण? ज्यांनी स्वतःच्या हाताने किल्ल्या दिल्या, त्यांनीच दुसरीकडून माणूस आणून कुलपं बदलली. मग कुठलीशी अनोळखी माणसं आली, दादाचं टेबल उलथवलं, चष्मा फोडला.

"पण हा फोटो काढला कुणी?" डॉक्टरांनी माझ्या दुकानात सगळ्यांसमोर विचारलं. मी तोंडात टाचण्या धरून कापड मापत राहिले. दादा दारातच उभा होता. फोटोच्या कोपऱ्यात माझी मापाची टेप लोंबत होती, ती त्याने ओळखली असणारच. तो वळला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने कानशी आणि किल्ल्या पिशवीत भरल्या. "येतो गं, ठमे," म्हणाला. जाताना सगळेच तसं म्हणतात, पण मी ते धरून बसले आहे. फोन लागत नाही. मशीनवर बसले की कानशीचा खरखर आवाज नाही, हेच ऐकू येत राहतं. पूर्वी त्या आवाजाने माझं डोकं उठायचं.

परवा पार्सल आलं. मीच शिवलेली पिशवी, आत किल्ल्या आणि चिठ्ठी: "ज्याची त्याला दे."

मी दारोदार गेले. प्रत्येक दारात किल्ली पुढे केली आणि म्हणाले, "तो फोटो मी काढला होता. दादाने काही केलं नव्हतं." डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. मास्तरीणबाई हिरवा दोरा बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आता ही कशाला लागणार गं? आणि तेव्हा का नाही बोललीस?"

मी पुढच्या दाराकडे वळले.

घरी येऊन पिशवी उलटी केली. शिवणी चाचपल्या. चिठ्ठीची घडी पुन्हा उलगडून पाहिली. सगळ्यांच्या किल्ल्या परत आल्या होत्या, निळी तेवढी नव्हती.

मी मशीनचं तेल घेतलं आणि कुलपात दोन थेंब सोडले.