अठ्ठावीस इंचांची रेघ

महाराज गादीवर आल्याला पाच वर्षे झाली होती. प्लेगमुळे गावाबाहेर घातलेल्या झोपड्या नुकत्याच मोडल्या होत्या. त्या चैत्रात आकाराम मास्तरांपुढे अल्मोड्याच्या खेचरवाल्याला लिहिलेले पत्र पडून होते. ‘माणसे दोन, खेचरे तीन, मुक्काम सतरा.’ मजकूर माघातला. तारीख तेवढी घालायची राहिलेली. आज चारच्या टपालात पडले नाही, तर यंदाचा हंगाम गेला.

हवेच्या दाबावरून अल्मोड्याच्या वरच्या खिंडीची उंची काढायची, तर दोन यंत्रे एकाच घटकेला वाचावी लागतात. एक माथ्यावर, एक पायथ्याशी. पायथ्याचा आकडा नसेल, तर माथ्याचा फुकट. पायथ्याशी गुंडू बसणार होता. शाळेत ड्रॉइंग शिकवणारा, नजरेचा बारीक, जिभेचा तिखट. माघ वद्य पंचमीला तो प्लेगने गेला. आकाराम रडले नव्हते. त्यांनी सामानाच्या यादीतून एका माणसाचे सातू कमी केले, बेरीज ताडून पाहिली आणि वही मिटली. पत्रातले ‘दोन’ मात्र त्यांच्याने खोडवले नव्हते.

खोगीर शिवणारा मौला बूट घेऊन आला.

“दोन जोड हायती. एक तुमचा, एक गुंडू मास्तरांचा. माप घेतलतं, म्हणून शिवला. आता ह्यो कुणाच्या पायात घालू? बैलाच्या?”

“ठेव.”

“ठेव म्हणं! आणि ह्येबी घ्या. पेटी शिवाया टाकलती त्यांनी.”

नव्या चामडी पेटीत गुंडूचे दाबमापक होते, आणि सोबत गुंडाळलेली कातड्याची पट्टी. तिच्या मधोमध एक रेघ; रेघेच्या वर-खाली आरीने पाडलेली भोके.

“हे काय?”

“रोजचा काटा. ते म्हणालतं, पेटी हुईस्तवर आठाच्या टोल्याला काटा बघ, एक दिस चुकलास तर तुझं तोंड बघणार न्हाय. मला कुठं लिवाय येतंय? त्यांनी दावल्याला अठ्ठावीस म्हंजे ही रेघ. काटा जितकी घरं वर, तितकी घरं भोक वर.”

“झोपडीत होतास तेव्हाही?”

“व्हय की. आमची खैरुनबी वरडायची, लोकं मरायल्यात आणि तू काटं बघाय लागलास. पण मागाय कोण आलंच न्हाय. मग बंद कसं करू?”

आकारामांनी आपल्या दाबमापकाची रोज आठाची नोंदवही उघडली. एकसष्टांपैकी साठ भोके त्यांनी एकेक करून ताडली. गुंडूचे यंत्र सगळीकडे तीन शतांशांनी जास्त दाखवत होते. फरक कुठेही ढळला नव्हता. वहीत फक्त एक जागा कोरी होती, माघ वद्य पंचमीची. पट्टीवर त्या दिवसाचे भोक रेघेच्या वर चार घरे होते, म्हणजे चार शतांश. त्यांनी तीन वजा केले आणि लिहिले: २८·०१, निरीक्षक मौला. त्या सकाळी हवेचा दाब रोजच्यासारखाच होता, एवढेच त्यावरून सिद्ध होत होते.

“तुझा पाय केवढा?”

“गुंडू मास्तरांपरीस दीड बोट आखूड. का?”

“दोन मोजे घालावे लागतील. पायथ्याशी बसायचं, रोज आठाला काटा बघायचा.”

“खुळं का काय, मास्तर! मी पन्हाळ्याच्या पल्याड गेलो न्हाय. खैरुनबी म्हणंल, खोगीर शिवता शिवता नवराच खेचर झाला.”

“टपाल चारला जातं.”

मौलाने बुटांकडे पाहिले. मग खाली बसून त्याने गुंडूचे बूट चढवले आणि दारापर्यंत जाऊन तो परत आला.

“टाच मारती.”

“मग?”

“मग काय? आत लोकरीचा नमदा घालतो.”

आकारामांनी पत्रावर तारीख घातली. मजकुरात काही बदलावे लागले नाही. यादीतले सातू तेवढे पुन्हा वाढवायचे होते.