कातरलेले केस

दिंडोशीच्या त्या वसाहतीत कुणाचं बोट कापलं तरी आधी सुगंधाला हाक जायची, डॉक्टरला नंतर. ब्लाउज शिवणारी बाई. हात हलका, कात्री तिखट आणि उपकार करायची हौस दांडगी. म्हणून तिच्या पोराने, राजेशने, स्कूटर लावण्यावरून धक्का दिला आणि शेजारचा शिवदास कडप्प्याच्या पायरीवर डोकं आपटून पडला, तेव्हाही तीच आधी धावली. जखमेभोवतीचे केस भराभर कातरले, हळद दाबली, नाक्यावरच्या दवाखान्यात नेऊन बारीक टाके घालून घेतले. पोरगा चुकला, पण आईने फेडलं, असा हिशेब मनाशी मिटवून ती घरी आली.

तो हिशेब पोलिसांनी पुन्हा उघडला. शिवदासला आपटल्याचं आठवेना. गर्दीत कुणीतरी ‘वार’ म्हणालं आणि त्याला ते पटलं. पायरीवर पडण्यापेक्षा त्यात शान जास्त. पोलिसांनी त्याला तपासायला नेलं, त्या सरकारी इस्पितळाच्या कागदावरही तेच उतरलं : धारदार हत्यार. राजेश आत गेला, जामीन अडला.

सुगंधाने तो कागद लिहिणाऱ्या डॉक्टर शुभांना इस्पितळात गाठलं. बाई सरळ होत्या. त्यांनी समजावलं, की कवटीवरची कातडी नुसती आपटली तरी सुरीने चिरल्यासारखी सरळ फाटते, डोळ्यांना फसवते. फरक कळतो तो कडेला. आपटल्याने केस चेंगरतात, पात्याने साफ कापले जातात.

“इथे साफ कापलेले होते,” त्या म्हणाल्या. “जखमेच्या आत बघावं, तर आधीच टाके पडलेले.”

“केस मीच कापले, मॅडम. माझ्या कात्रीनं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“मी लिहीन, की आता खात्रीने सांगता येत नाही. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. तुम्हीही कोर्टात सांगा. पण तुम्ही त्याची आई. आणि धारदार कात्री निघाली ती तुमच्याच घरातून.”

संध्याकाळी ती पेज घेऊन शिवदासकडे गेली. पायरीवर पडलो, एवढंच सांगा भावजी, म्हणून हात जोडले.

“खोटं कसं बोलू, वहिनी? मला कायच आठवत नाय. पण सरकारी डॉक्टर उगाच लिवतील काय?” मग टाक्यांवरून बोट फिरवत तो अगदी मनापासून म्हणाला, “तुमी होता म्हणून वाचलो.”

पेज निवत होती. त्याला चमचा सापडेना. तोही तिनेच शोधून दिला.