दोन टोकं, दोन चाव्या

रेल्वेगाडीला चढ झेपत नाही, म्हणून जुने रूळ उखडून केलेली वाट सपाट असते, आणि सपाट वाट ब्लांचच्या गुडघ्याला चालते. एवढं शास्त्र तिच्या धाकट्या जावेने, जॉर्जिनाने, फोनवर समजावून सांगितलं.

"एरिन ते हिल्सबर्ग, वहिनी. काही तासांचं काम. लहान पोरंसुद्धा चालतात."

"आणि परत?"

"परत यायचंच नाही. तुम्ही एरिनहून निघा, आम्ही हिल्सबर्गहून. मध्ये भेटू, चाव्या बदलू. तुम्ही पुढे जाऊन आमची गाडी घ्या, आम्ही तुमची घेतो. येताना टिम हॉर्टन्सवर थांबून कॉफी घ्यायची आणि गाड्या आपापल्या ताब्यात."

ब्लांचने मनातल्या मनात दाद दिली. वीस वर्षांत जॉर्जिनाने एकही सरळ गोष्ट सरळ केली नव्हती. सासूबाई होत्या तोवर हा दोष होता, आज गुण निघाला. हाइक हे नुसतं नाव. दोन भावांना अशा ठिकाणी समोरासमोर आणायचं होतं, जिथून गल्ली बदलून निसटता येत नाही.

जानेवारीत तिकडे वसईला दोघा भावांची आय वारली. फोन आधी धाकट्याला, जॉर्जिनाच्या नायजेलला आला. थोरला, म्हणजे ब्लांचचा नवरा व्हिन्सेंट, तेव्हा इकडे ब्रेडचा ट्रक घेऊन बर्फाच्या वादळात हायवेवर होता. असल्या रस्त्यावर माणसाला हे कसं सांगायचं, म्हणून नायजेलने पाच तास कळ काढली. व्हिन्सेंट मिल्टनला घरी पोचला तेव्हा हा दारात उभा. तोवर संध्याकाळचं विमान गेलेलं, आणि दुसऱ्या दिवशीची सगळी वादळाने रद्द. आयची माती दोघांनी फोनवर पाहिली, आपापल्या बेसमेंटमध्ये बसून.

"तुला किती वाजता कळलं?" व्हिन्सेंटने विचारलं होतं. भावाशी तो शेवटचं बोलला ते एवढंच.

त्यानंतर तो रडला नाही, भांडलाही नाही. भांडला असता तर ब्लांचला सोपं गेलं असतं; भांडलेल्या माणसाला जेवायला बोलावता येतं. हा नुसता कामावर जायचा, यायचा, डबा धुवायचा. मीठ कमी पडलं तरी "बरं", जास्त झालं तरी "बरं". हाइकलाही "बरं"च म्हणाला. आता नऊ महिने होत आले. जानेवारीत आयच्या वर्षाचा मिस्सा. तेव्हा हे दोघे चर्चच्या दोन बाकांवर बसले, की मग जन्मभर तसेच बसणार, हे ब्लांचला पक्कं ठाऊक होतं. असली घरं तिने तीन पाहिली होती.

शुक्रवारी डबा धुता धुता व्हिन्सेंट म्हणाला, "आपली स्पेअर चावी कुठंय?"

"कशाला?"

"आजच त्यांना देऊन टाक. त्यांची घेऊन ये. म्हणजे वाटेत थांबायला नको."

नऊ महिन्यांत तो एका दमात एवढं बोलला नव्हता, आणि बोलला तो हे. दहा मिनिटांत जॉर्जिनाचा फोन.

"वहिनी, आमचे हे म्हणतायत, स्पेअर चाव्या..."

"आजच देऊन टाकू."

"तुम्हाला कसं कळलं?"

"एका आयचे दोघे. दुसरं काय सुचणार?"

"मग आता?"

"आमची हरवली."

"अगं बाई, कधी?"

"आत्ताच."

"मग आमचीही मिळत नाहीये," जॉर्जिना म्हणाली.

ब्लांचने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चावी तळाला सोडून दिली.

शनिवारी ऊन होतं, ऊब नव्हती. वाट बारीक खडीची, दोन्ही बाजूंना मेपलची झाडं, निम्मी ओकीबोकी झालेली. व्हिन्सेंट चार पावलं पुढे. वळण असं नव्हतंच. समोरून येणारा माणूस अर्ध्या किलोमीटरवरून दिसायचा, आणि एवढा वेळ तोंड कसं ठेवायचं हे कोणालाच माहीत नसतं. समोरून जॉर्जिनाबरोबर येणारा नायजेल चालता चालता झाडं बघत होता. व्हिन्सेंट बूट बघत होता. दोघांची जाकिटं एकाच सेलमधली, निळी.

जुन्या लोखंडी पुलाशी दोघे थांबले. नायजेलने चावी पुढे केली.

"दादा, मागचं डावं दार आतून उघडत नाही."

व्हिन्सेंटने चावी घेतली, आपली दिली. "विंटर टायर?"

"पुढच्या आठवड्यात घालतो."

"बर्फ थांबणार का तुझ्यासाठी?"

नायजेलने त्याच्याकडे पाहिलं. "नाही थांबत."

झालं. हे दोघे इकडे गेले, ते दोघे तिकडे. आपल्याला काहीतरी वाटेल, असं ब्लांचला वाटलं होतं. गुडघा दुखत होता, तेवढंच.

परतीला नायजेलच्या गाडीत व्हिन्सेंटने सीट मागे घेतली, आरसा वळवला, आणि गाडी काढली. टिम हॉर्टन्सची पाटी आली आणि मागे गेली.

"व्हिन्सेंट, टर्न गेला."

"गेला."

"अरे, त्यांची गाडी?"

"येईल न्यायला." पुढच्या सिग्नलला तो म्हणाला, "घर माहीत आहे त्याला."

घरी पोचतात तोच फोन. "वहिनी, आम्ही कॉफी घेऊन बसलोय. कुठे आहात?"

"घरी. गाडी इथेच आहे. या न्यायला."

पलीकडे कुजबुज झाली. मग जॉर्जिनाने हळूच विचारलं, "हे विचारतायत, दादा घरी आहे का?"

ब्लांचने खिडकीतून पाहिलं. व्हिन्सेंट ड्राइव्हवेवर नायजेलच्या गाडीपाशी उकिडवा बसून टायरच्या खाचेत अंगठा घालत होता. एक झालं की दुसऱ्यापाशी सरकत होता. तोंडावर नेहमीचंच, म्हणजे काहीच नाही.

"आहे," ती म्हणाली.

मग तिने तांदळाचा डबा उघडला. दुसऱ्याच मापाला चावी वर आली. ती तिने पुन्हा खाली दाबली आणि चौघांचा भात मोजून घेतला.