अनंताभोवतीचा चुना

अनंताच्या बुडाशी कुणीतरी काहीतरी ओतत होतं. श्रावणात चार दिवस उघडीप होती, जास्वंद आणि तगरीखालची माती कोरडी ठाक, आणि ह्या एकाच झाडाखाली ओल. चिमूटभर माती उचलून हुंगली तर आंबूस वास. माझ्या मनात लगेच शेजारच्या गिरजाबाई आल्या.

भिलाईतल्या आमच्या आणि त्यांच्या क्वार्टरच्या मध्ये मेंदीचं कुंपण, त्यालाही एक भगदाड. बाई विधवा, मुलाजवळ राहायच्या. अनंत लावला त्याच वर्षी त्यांनी फांदी मागितली होती आणि आईचं झाड आहे, देणार नाही, असं मी सरळ सांगितलं होतं. ते झाड माझ्या आईच्या हिंगणघाटच्या अंगणातलं. आई गेली, भावाने घर विकून टाकलं, आईचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच उरलं. ते मी कुणाला का वाटत बसू?

आता त्याची पानं पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या. कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या. मुंग्या लागल्या असतील म्हणून मी चुना टाकत होते. यांच्या ऑफिसातले तेजराम अहिवाऱ्याहून यायचे, तिकडे चुनखडीच्या खाणी; त्यांनी थैलीभर आणून दिला होता. आमच्या सेक्टरात विटांच्या कडेला चुना, रस्त्यावरच्या झाडांना चुना, मग माझ्या झाडाने काय पाप केलं होतं? गिरजाबाई कुंपणावरून दोनदा म्हणाल्या, चुना टाकू नका, याला चालत नाही. दुसऱ्यांदा तर मी तोंडावर दार लावून घेतलं. मुंग्यांनी झाड खाल्लं की बाईला आनंदच, असं मला वाटलं.

मग एके दिवशी एक फांदी गायब दिसली. मोडलेली नव्हती, ब्लेडने तिरपी कापलेली. मी दिवसभर धुसफुसत होते. हे म्हणाले, "हिरा, तू उगाच संशय घेऊन राहिली." मी यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

दसरा झाला, पाऊस गेला, आणि मी युक्ती केली. दुपारी माझा डोळा लागतो, तेव्हाच काय ते होत असणार. रोज जेवण झालं की झाडाभोवती चुन्याची भुकटी जाड पसरायची आणि चार वाजता उठून पावलं बघायची. तिसऱ्याच दिवशी अनवाणी पाऊल उमटलं, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. तसा पाय आमच्या ओळीत एकाच बाईचा. तरी रंगेहाथ धरायचं म्हणून मी पुढचे पंधरा दिवस चुना पसरत राहिले. ऐन वेळी मेली झोप दगा द्यायची. झाडाला शेवटी चार पानं उरली.

एका दुपारी मात्र चुना पसरून झाल्यावर मी तशीच खिडकीआड जागी बसले. गिरजाबाई तांब्या घेऊन भगदाडातून आल्या, खाली बसल्या आणि हाताने चुना बाजूला सारायला लागल्या. मी धावतच बाहेर गेले.

"काय टाकून राहिल्या माझ्या झाडाले?"

त्या दचकल्या नाहीत. तांब्या माझ्यापुढे धरला. "ताक हाये, आंबट, चुन्यावर उतारा म्हणून. चुन्यानं जळून राहिलं हे झाड, वैनी. मी सांगतलं तर तुमी दार लावून घेतलं. मंग कावून सांगू?"

मी तांब्यात पाहिलं. ताकच होतं. श्रावणापासून ही बाई माझं झाड वाचवायला चोरासारखी येत होती, आणि तिला धरायला मी रोज त्याच्या मुळांवर चुना ओतत होते. वाटलं, आईने पाहिलं असतं तर काय म्हणाली असती.

"फांदी?" एवढंच मला विचारता आलं.

त्या आपल्या घरात गेल्या आणि डालडाचा डबा घेऊन आल्या. डब्यात वीतभर रोप, त्याला सहा पानं, सगळी हिरवीगार. "हे वाचत नाही असं दिसलं, म्हणून लावून ठेवली. तुमच्या आईची हाये न, तुमीच घ्या."

मी डबा घ्यायला दोन्ही हात पुढे केले. गिरजाबाईंनी तो मागे घेतला.

"आधी हात धुवा," त्या म्हणाल्या.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. ते मनगटापर्यंत पांढरे होते. मी नळावर गेले आणि कितीतरी वेळ हात धूत राहिले.